लेन रिकामी असते तेव्हा

आत्याला नात्यातल्या कुणी विचारलं, "मुलगा काय करतो सध्या?" की ती सांगते, "बोलिंगमध्ये हाय." समोरच्याचा चेहरा खुलतो. "अरे वा! फास्ट का स्पिन?" मग आत्या माझ्याकडे बघते आणि मी विषय बदलते. आपल्याकडे बोलिंग म्हणजे क्रिकेटचं. सात किलोपर्यंतचा गोळा घेऊन साठ फुटांवरच्या दहा पिना पाडायच्या, यालाही बोलिंग म्हणतात, त्यातही जगज्जेते असतात, हे सांगायला गेलं की लोक म्हणतात, "हां हां, ते मॉलमध्ये असतं ते!"

हो, ते मॉलमध्ये असतं ते. माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

आधी आमच्याबद्दल थोडं. मी हैदराबादच्या जामबागेतली. मुंबईला कॉलेजात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात किमान दहा जणांनी विचारलं, "हैदराबादची? मग मराठी कसं येतं?" अहो, जामबागेत विवेक वर्धिनी १९०७ पासून उभी आहे. निजामाच्या राज्यात, उर्दूच्या ऐन अमलात, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी मराठी मुलांसाठी काढलेली शाळा. आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी मोगऱ्या-झेंडूचे ढीग असायचे. फुलांचा मोठा बाजार गुडीमलकापूरला गेला, तरी जामबागेनं फुलं सोडली नाहीत. कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात आत्याच्या यजमानांचं गाइडांचं छोटं दुकान होतं. ते गेले आणि दुकानही गेलं. आतेभाऊ तेव्हा आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी त्याला दादा म्हणते, इथंही दादाच म्हणेन.

दादाला नोकरी लागली ती एका मॉलमधल्या बोलिंग अ‍ॅलीत, लेनच्या मागच्या बाजूला. तुम्ही कधी खेळला असाल तर तुम्हाला पुढची बाजू माहीत असेल. भाड्याचे बूट, निळे दिवे, मोठ्या आवाजातली गाणी. पिना पडतात, वरून एक पडदा खाली येतो, पुन्हा दहा पिना जागच्या जागी उभ्या. त्या पडद्यामागे काय असतं? तिथे पंखे, पट्टे, साखळ्या, ग्रीसचा वास आणि कान फुटतील असा खडखडाट असतो, आणि त्या खडखडाटात कानात बोळे घालून एक माणूस उभा असतो. पिन अडकली की तो काढतो. बॉल परत आला नाही की तो वाकून शोधतो. सकाळी मॉल उघडायच्या आधी लेनवर तेल घालतो.

तेल हा या खेळातला सगळ्यात मजेशीर भाग आहे आणि शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना तो माहीत नसतो. लेनच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागावर तेलाचा पातळ थर असतो, शेवटचा भाग कोरडा. फिरकी देऊन सोडलेला बॉल तेलावरून घसरत सरळ जातो आणि कोरड्यावर पोचला की पकड घेऊन आत वळतो. त्याला हूक म्हणतात. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या खाचेत तिरका शिरला तर स्ट्राइक पक्का. त्यातही बॉल स्वतः फक्त चार पिनांना शिवतो, बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. खेळता खेळता तेल सरकतं, सुकतं, आणि मघाशी बरोबर जाणारा बॉल आता चुकायला लागतो. चांगला खेळाडू हे न दिसणारं तेल वाचतो. स्पर्धेसाठी तेलाचे नकाशे वेगळे आणि अवघड असतात; मॉलमध्ये मात्र गिऱ्हाइकाला दया दाखवणारं तेल असतं.

आता बघा, हे तेल रोज स्वतःच्या हातानं घालणारा माणूस त्या अ‍ॅलीत एकच.

मी अकरावीत असताना दिवाळीच्या सुमाराला एका रात्री दादाला डबा द्यायला गेले होते. मॉल बंद व्हायची वेळ. दिवे अर्धे गेले होते, गाणी थांबली होती, आणि त्या शांततेत दादा एकटाच लेनवर उभा होता. मशिन दुरुस्त केलं की टेस्ट म्हणून दोन-चार बॉल टाकावे लागतात. दादाची टेस्ट जरा लांबायची. त्यानं बॉल दोन्ही हातांनी धरला, अंगठा भोकात न घालता, पाच पावलं टाकली आणि सोडला. बॉल उजवीकडे पार गटरच्या काठापर्यंत गेला. मला वाटलं, गेला. मग तो कुणी हाक मारल्यासारखा वळला. दहाही पिना. पुन्हा टाकला, पुन्हा दहा. मी विचारलं, "दोन हातांनी का टाकतोस?" तर म्हणाला, "अंगठा बसत नाय ना. इथले सगळे बॉल गिऱ्हाइकाच्या मापाचे. ढिल्ला ऱ्हातो." सुपरवायझर लांबून हसून म्हणाला, "कायकू लेडिज की तरह फेकता रे?" दादा काही बोलला नाही. आम्ही डबा खाल्ला.

नंतर मुंबईला होस्टेलवर एकदा सहज शोधताना मला जेसन बेलमाँट सापडला आणि मी त्या रात्री झोपले नाही. दोन हात, अंगठा बाहेर, तोच काठापर्यंत जाणारा बॉल, तेच वळण. हा माणूस ऑस्ट्रेलियाचा, न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज नावाच्या गावचा. जन्म १९८३. आईवडिलांनी गावात बोलिंग सेंटर काढलं आणि हा दीड वर्षाचा असताना तिथं बॉल ढकलायला लागला. एवढ्याशा मुलाला एका हातानं बॉल उचलणार कसा? म्हणून दोन्ही हातांनी. मोठा झाला तरी सवय गेली नाही. लोकांनी सांगितलं की हे चूक आहे, असं खेळून कुणी मोठा होत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर तो आला आणि २००८-०९ च्या मोसमात सर्वोत्तम नवोदित ठरला. तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. दोन हात म्हणजे फसवणूक, असं म्हणणारेसुद्धा. २०१३ मध्ये त्यानं मास्टर्स जिंकलं, मग २०१४ आणि २०१५ मध्येही तेच. मेजर विजेतेपदांचा विक्रम अर्ल अँथनी आणि पीट वेबर यांच्या नावावर होता, दोघांची दहा-दहा. २०१९ मध्ये बेलमाँटनं अकरावं जिंकलं. २०२० मध्ये यूएस ओपन जिंकून पाचही मेजर स्पर्धा खिशात घातल्या. त्याआधी हे फक्त माइक ऑल्बीला जमलं होतं. आता मेजर पंधरा झाली आहेत आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू तो सात वेळा ठरलाय. ज्या पद्धतीला लोक हसत होते ती आज जगभरातली पोरं शिकतायत.

मी दादाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हौ. पाहिलाय. मस्त आहे." एवढंच. त्याला आधीपासून माहीत होतं. नाचले ती मीच.

आपल्याकडे अशी गोष्ट सांगायची एक ठरलेली रीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मीही ती वापरलीय. लोक हसले, त्यानं जिद्द सोडली नाही, शेवटी जग जिंकलं, टाळ्या. बेलमाँटची जिद्द खरीच आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ही गोष्ट मी दादाच्या शेजारी ठेवून बघते तेव्हा मला जिद्दीच्या आधीची एक ओळ दिसते आणि ती कुणी मोठ्यानं वाचत नाही: आईवडिलांनी बोलिंग सेंटर काढलं. म्हणजे त्या मुलाकडे रिकामी लेन होती. शाळेतून आल्यावर, रविवारी सकाळी, पाऊस पडत असताना. एक गेम, दहा गेम, मीटर न लावता. चुकायला, वेडंवाकडं खेळायला, सगळ्यांनी नावं ठेवलेली पद्धत दहा वर्षं घासायला जागा लागते, आणि ती जागा तासाच्या भाड्यानं मिळत नाही.

फिलिपिन्सचा पाएंग नेपोमुसेनो घ्या. आशियातला बोलिंगचा सगळ्यात मोठा माणूस. डावखुरा. १९७६ मध्ये तेहरानला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वर्ल्ड कप जिंकला, मग १९८०, १९९२ आणि १९९६. चार वर्ल्ड कप, तीन वेगवेगळ्या दशकांत. त्याचे वडील त्याचे कोच होते. म्हणजे इथंही घरातूनच कुणीतरी लेनपर्यंत हात धरून नेणारं होतं. आणि मनिला हे तेव्हापासून बोलिंगचं शहर. आशियाई खेळांत हा खेळ पहिल्यांदा आला तो १९७८ मध्ये बँकॉकला. १९८२ मध्ये आपल्या दिल्लीत तो नव्हता. १९८६ मध्ये सोलला पुन्हा होता. आपण एशियाडच्या आठवणी काढतो तेव्हा स्टेडियमं आठवतात, अप्पू हत्ती आठवतो. एखादी लेन कुणाला आठवत नाही, कारण ती नव्हतीच.

रिकामी लेन कुणाला मिळते, हा प्रश्न नवा नाही. या खेळाचा इतिहास मागच्या बाजूनं वाचला तर सगळा याच प्रश्नाचा आहे. मशिन यायच्या आधी पिना हातानं उभ्या करायला पोरं असायची, पिनबॉय. लेनच्या टोकाशी वर एका फळीवर पाय वर घेऊन बसायचं, बॉल येऊन आदळला की खाली उडी मारायची, पिना लावायच्या, बॉल परत ढकलायचा, पुन्हा वर. लुईस हाइन या छायाचित्रकारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढले, त्यात ही पोरं आहेत. मध्यरात्र उलटून गेलेली, डोळे तारवटलेले. ते फोटो बघताना मला आधी पोरं दिसली आणि मग लक्षात आलं, मधल्या लेनवर कुणीच खेळत नाहीये. माझ्या मनात आलं, यातल्या एखाद्यानं टाकला असेल का त्या वेळी एक बॉल? पिना आपोआप लावणारं मशिन १९४६ मध्ये लोकांना पहिल्यांदा दाखवलं गेलं आणि पुढच्या दशकात ते सगळीकडे पसरलं. पोरांची सुटका झाली, फार चांगलं झालं. त्यांच्या जागी मेकॅनिक आला.

आणि पुढच्या बाजूला कोण होतं? अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही तिथली मोठी संघटना. १९१६ पासून तिच्या नियमात लिहिलेलं होतं की सदस्य गोराच हवा. लेखी नियम! काळ्या खेळाडूंनी १९३९ मध्ये डेट्रॉइटमध्ये स्वतःची संघटना काढली. महायुद्धानंतर मोटार कारखान्यांतल्या कामगारांची युनियन या नियमाविरुद्ध उभी राहिली, कारण युनियनच्या संघात काळे-गोरे एकत्र खेळत होते आणि स्पर्धेत मात्र त्यांना वेगळं करावं लागत होतं. नियम गेला १९५० मध्ये. त्यानंतर व्यावसायिक दौऱ्यावर काळ्या खेळाडूनं पहिलं विजेतेपद जिंकायला १९८६ साल उजाडलं. जॉर्ज ब्रॅनम त्याचं नाव. कागदावरचा नियम जाऊन छत्तीस वर्षं. इतकी वर्षं का लागली असतील? माझा अंदाज असा की नियम एका बैठकीत जातो. रिकाम्या लेनवर घालवलेलं बालपण बैठकीत मिळत नाही, त्याला एक अख्खी पिढी लागते.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर परळला या. मुंबईतल्या मराठी माणसाला टेनपिन बोलिंगची ओळख झाली ती लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये. १९८२ चा संप, अडीच लाख गिरणी कामगार, पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. निदान असायला हवं. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याच मिलच्या आवारात चकचकीत बोलिंग अ‍ॅली उभी राहिली. गिरणी कामगारांच्या संघटनांचा आक्षेप होता की परवानगी कामगारांच्या करमणुकीच्या सोयीच्या नावाखाली घेतली गेली. कामगारांच्या करमणुकीसाठी बोलिंग! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. आता हसू येत नाही. कारण मला तो विनोद उलटा दिसायला लागलाय. समजा खरंच कामगारांसाठी असती तर? पाळी सुटल्यावर साचेखात्यातला एखादा माणूस, खांदे आणि मनगटं आयुष्यभर यंत्राशी झगडून तयार झालेली, चाळीतल्या पोरांना घेऊन आला असता तर? कॅरमचा स्ट्रायकर कोणत्या कोनानं मारला की कोणती सोंगटी कुठे जाते, हे गिरणगावातल्या चाळींना वेगळं शिकवावं लागत नव्हतं. बॉल चार पिनांना शिवतो आणि बाकीच्या सहा एकमेकींना पाडतात, हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं असतं.

आता यावर माझ्याच मैत्रिणीचा प्रश्न. आमच्या मंडळाच्या चहाच्या वेळी ती म्हणाली, "अगं, कबड्डीला मैदान नाही, शाळांना पीटीचे शिक्षक नाहीत आणि तू बोलिंगसाठी रडतेस? हा श्रीमंतांचा खेळ, राहू दे त्यांना." प्रश्न रास्त आहे. मला नवीन लेन बांधायच्याच नाहीत. सरकारनं कोट्यवधी खर्चून टेनपिन बोलिंगची प्रबोधिनी काढावी असं मी म्हणाले तर मलाच हसू येईल. पण लेन तर आहेत! हैदराबादला आहेत, मुंबई-पुण्याला आहेत. आणि मंगळवारी दुपारी बारा वाजता त्यांवर कोण असतं? कुणीही नाही. एसी चालू, दिवे चालू, तेल घातलेलं, आणि काउंटरवरचा मुलगा मोबाइलमध्ये. मॉलचा धंदा संध्याकाळचा आणि शनिवार-रविवारचा. मधले तास वाया जातात. मैदानाची टंचाई वेगळी आणि ही टंचाई वेगळी. ही मुद्दाम ठेवलेली टंचाई आहे.

"श्रीमंतांचा खेळ" हे मला मुळातच पटत नाही. खेळ कुणाचा हे खेळावरून ठरत नाही, तिकिटावरून ठरतं. अमेरिकेत तो कारखान्यातल्या कामगारांचा खेळ होता, म्हणून तर युनियन त्यासाठी भांडली. आपल्याकडे तो थेट मॉलमध्ये उतरला. एका गेमचे जे पैसे होतात त्यात आत्याकडे दोन दिवसांची भाजी येते. राष्ट्रीय पातळीवर ज्यांनी नाव काढलं, चेन्नईचा शबीर धनकोट, बंगळुरूचा शेख अब्दुल हमीद, दिल्लीचा ध्रुव सारडा, त्यांची कामगिरी मोठी आहे आणि त्यांनाही आपल्या पेपरांत चार ओळी मिळत नाहीत. पण एवढ्या मोठ्या देशात या खेळातली नावं बोटांवर मोजता यावीत आणि ती फिरून फिरून दोन-चार शहरांतली असावीत, याचं कारण बाकीच्यांच्या मनगटात जोर नाही हे असू शकत नाही.

दादानं एकदा प्रयत्न केला होता. तीन वर्षांपूर्वी एक स्पर्धा होती, त्याच्याच अ‍ॅलीत नव्हे, दुसरीकडे. प्रवेश फी भरायला त्याच्याकडे पैसे होते, त्यानं साठवले होते. स्वतःचा बॉल नव्हता; अंगठ्याचं भोक लागत नसल्यामुळे म्हणा, तो अ‍ॅलीतलाच एक जुना बॉल न्यायचं म्हणत होता. सगळं जमलं होतं. स्पर्धा शनिवार-रविवारी होती. आणि शनिवार-रविवारी मेकॅनिकला सुट्टी मिळत नाही, कारण गर्दी असते. त्यानं विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, "तू खेळायला लागलास तर मशिन कोण बघणार?" यात साहेबांचंही काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. मशिन खरंच कुणीतरी बघायलाच हवं होतं. पण ते वाक्य मला अजून टोचतं. दादाला टोचतं का, विचारलं. म्हणाला, "जाऊ दे ना गं. नक्को आता."

त्या रात्री घरी आला तेव्हा आत्यानं विचारलं, "हरलास का रे?" तिला वाटलं, हा खेळून आलाय. दादा म्हणाला, "हौ, हरलो." हरलो म्हणणं सोपं पडलं असावं.

तर माझी मागणी छोटी आहे आणि ती हवेत नाही. ज्या मॉलना करमणुकीच्या नावावर परवानग्या मिळतात, त्यांच्या लेन सोमवार ते शुक्रवार दुपारी चार वाजेपर्यंत जवळच्या महापालिकेच्या शाळांना आणि कॉलेजांना विजेच्या खर्चाएवढ्या दरात द्याव्यात. आपल्या जिमखान्यानं सुरुवात करावी. पत्र मी लिहून देते. पोरांना शिकवायला परदेशी कोच नको, मागच्या पडद्याआडचा माणूस पुढे बोलवा आणि त्याला त्याचे वेगळे पैसे द्या. आणि तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून काही तास हक्कानं खेळू द्या, टेस्टच्या नावाखाली चोरून नव्हे. क्लबांत टेनिसचे बॉल उचलणाऱ्या आणि गोल्फच्या बॅगा वाहणाऱ्या पोरांतून पुढे खेळाडू झाल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. त्यांना कुणीतरी केव्हातरी कोर्टावर, हिरवळीवर पाय ठेवू दिला होता, एवढंच.

यातून बेलमाँट निघेल का? मला माहीत नाही. बहुधा नाही निघणार. दादा आता एकोणतीस वर्षांचा आहे, गुडघा दुखतो, आणि दयाळू तेलावरचे दोनशे वीस गुण स्पर्धेच्या तेलावर एकशे साठसुद्धा होत नाहीत, हे तोच मला सांगतो. मी त्याला जगज्जेता करायला निघालेले नाही. तो किती चांगला होता हे कळायची सोयच झाली नाही, माझी तक्रार तेवढीच आहे.

ख्रिसमसच्या सुट्टीत घरी गेले होते. पहाटे कोठीहून रिक्षानं आले, जामबागेत शेवंतीची पोती उतरत होती, आत्यानं दार उघडलं आणि पहिलं वाक्य सांगितलं, "त्याच्या तिथं नव्या मशिनी आल्यात." संध्याकाळी मी दादाबरोबर गेले. नव्या मशिनमध्ये प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली असते. पिना पडल्या की दोऱ्या ओढून सगळ्या वर, मग पुन्हा खाली. कठपुतळीसारखं. भाग कमी, वीज कमी, बिघाड कमी. जगभर हेच चाललंय. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघटनेनं दोरीच्या पिनांचा खेळ वेगळा प्रकार म्हणून मान्यही केला. पिना वेगळ्या उडतात, आवाजही वेगळा येतो, जरा पोकळ. गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही. दादाच्या पहिल्याच बॉलला आलं.

आठ लेनपैकी सहा बदलल्या होत्या, दोन जुन्या उरल्या होत्या. बंद झाल्यावर त्यानं सातव्या लेनवर तेल घातलं, कुणी सांगितलं नसताना, आणि मला म्हणाला, "ये, तू पण टाक." माझे तीन बॉल गटरमध्ये गेले. त्यानं आठव्या लेनवर एक पूर्ण गेम खेळला. दोनशे अडतीस. शेवटच्या फ्रेममध्ये दहाव्या क्रमांकाची पिन हलली आणि तशीच उभी राहिली. ती पाडायला त्यानं बॉल उचलला तेवढ्यात मागे मशिन अडकलं. बॉल खाली ठेवून तो पडद्यामागे गेला, आणि पिन काढून हात पुसत परत आला तोवर सुपरवायझरनं दिवे घालवले होते.

मार्चपर्यंत उरलेल्या दोन लेनही बदलणार आहेत. नव्या मशिनींना दोन मेकॅनिक लागत नाहीत, एकच ठेवणार आहेत. कुणाला ते अजून सांगितलेलं नाही.